दुबळा धनको

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या अखेरीस कोल्हापुरास जाण्याचा योग आला असता, शिवाजी उद्यमनगरात एका जुन्या स्नेह्यांच्या कारखान्यात दोन घटका बसणे झाले. कारखाना म्हणजे पत्र्याच्या छपराखाली मांडलेले चार लेथ, एक ड्रिलिंग मशीन, सात कामगार आणि कोपऱ्यात काचेच्या तावदानाआड मालकांचे टेबल. एका मोठ्या कारखान्यास लागणारे लोखंडी सुटे भाग येथे कातून दिले जातात. बोलता बोलता त्यांनी खणातून एक फाइल काढून माझ्यापुढे ठेविली. तीत सहा बिले होती. सर्वांत जुन्या बिलास आठ महिने होऊन गेले होते. माल पोचल्याच्या, तपासून घेतल्याच्या, पसंत पडल्याच्या पावत्या यथास्थित जोडलेल्या होत्या. पैसे तेवढे आले नव्हते. इकडे बँकेचे हप्ते कोणासाठी थांबत नव्हते, कामगारांचा पगार थांबविण्यासारखा नव्हता, आणि लोखंडाचा व्यापारी रोख मोजून घेतल्यावाचून एक सळई गाडीवर चढवू देत नव्हता.

“कायदा तर सर्वस्वी तुमच्या बाजूचा आहे,” मी मोठ्या उत्साहाने म्हणालो.

“आहे ना! वकिलांनी कलमेसुद्धा वाचून दाखविली,” ते म्हणाले. “पण अहो, कायदा बाजूचा असून एकट्याने भागते कोठे? गिऱ्हाईकही बाजूचे राहावयास नको का?”

असे म्हणून त्यांनी फाइल पुन्हा खणात ठेविली, आणि चहा सांगितला. विषय तेथेच संपला. माझ्या मनातून मात्र तो अद्यापि गेलेला नाही. लहान धंदेवाल्यास कायद्याने संरक्षण द्यावे, असे आपण सर्वच जण सहज म्हणतो, आणि ते देण्यात कायद्याने अलीकडे कसूर केली आहे असेही म्हणता येत नाही. परंतु असे संरक्षण देताना कायदा दया करीत असतो की न्याय, आणि ज्या हक्काचा उपयोग करण्याची छाती होत नाही त्यास हक्क म्हणावयाचे की नाही, हे दोन प्रश्न मला वाटले होते त्याहून बरेच अवघड निघाले.

आपल्याकडे देण्याघेण्याचा विषय निघाला की डोळ्यांपुढे एकच चित्र उभे राहते. वर बैठकीवर तक्क्याला टेकून सावकार बसला आहे आणि खाली उंबऱ्याजवळ कूळ हात जोडून उभे आहे. धनको म्हणजे बळी, ऋणको म्हणजे दीन, हे समीकरण आपल्या नाटक-कादंबऱ्यांनी इतके पक्के करून ठेविले आहे की त्याच्या उलट काही संभवते हे ध्यानातच येत नाही. हे चित्र खोटे होते असे नव्हे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे बाजाराच्या दिवशी जो दंगा उसळला, त्यात लोकांनी कर्जरोखे आणि वह्या शोधून काढून जाळल्या. माणसाचा जीव घेण्यापेक्षा कागद जाळणे त्यांस अगत्याचे वाटले, ह्यातच सर्व कथा आली. त्या दंग्यांच्या चौकशीतून पुढे १८७९ चा दख्खन शेतकरी संरक्षणाचा कायदा निघाला. त्याने कर्जापायी शेतकऱ्यास कैदेत टाकण्याची चाल बंद केली, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, न्यायाधीशास कर्जरोख्याच्या पाठीमागे जाऊन मूळ व्यवहाराचा इतिहास तपासण्याचा अधिकार दिला. कागदावर सही आहे ना, मग झाले, एवढ्यावर न्याय थांबेना. न्यायमूर्ती रानडे ह्यांनीही ह्या कायद्याखाली विशेष न्यायाधीशाचे काम केलेले आहे.

ही दृष्टी केवळ सरकारी नव्हती. ती ह्या भूमीत जुनी आहे. दामदुपटीचा नियम तर मनुस्मृतीपर्यंत मागे जातो. एका वेळी वसूल करावयाचे व्याज मुद्दलाहून अधिक होता कामा नये, हा तो नियम. इंग्रजी न्यायालयांनीही मुंबई इलाख्यात तो मानला. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेचे साठावे कलम ज्यांनी वाचले नसेल त्यांनी ते अवश्य वाचावे. कायद्याच्या रुक्ष पुस्तकात इतका संसार क्वचितच सापडतो. जप्तीच्या हुकमाने बेलिफ दारात आला तरी त्याने काय काय उचलू नये ह्याची तेथे यादी आहे. अंगावरचे आवश्यक कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, धर्माच्या चालीप्रमाणे स्त्रीने अंगावेगळा करू नये असा दागिना, कारागिराची हत्यारे, शेतकऱ्याची अवजारे आणि पोटापुरते बैल-बियाणे, आणि हिशेबाच्या वह्या! सुताराची पटाशी आणि गृहिणीचे मंगळसूत्र ही एकाच कलमात शेजारी शेजारी बसली आहेत. सावकाराचे देणे खरे असले, कोर्टाचा हुकूमनामा खरा असला, तरी ज्या हत्याराने माणूस उद्या कमावणार ते आज घेऊन जाऊ नये, एवढी मर्यादा कायद्याने धनकोच्या हक्कास घातली.

ह्या मर्यादेस दया म्हणावे काय? मला तसे वाटत नाही. दया ही देणाऱ्याच्या मर्जीची गोष्ट आहे. आज केली, उद्या केली नाही. पटाशी सोडून द्या असे न्यायाधीश सुतारावर कृपा म्हणून सांगत नाही. कर्ज घेताना सुताराने आपली मिळकत बांधून दिली होती, आपले सुतारपण बांधून दिले नव्हते, आणि देऊही शकत नव्हता, असे तो सांगतो. स्वतःस गुलाम म्हणून विकण्याचे स्वातंत्र्य हे स्वातंत्र्य नव्हे, असे जॉन स्टुअर्ट मिल्लने १८५९ सालच्या आपल्या स्वातंत्र्यावरील ग्रंथात प्रतिपादिले आहे. साठावे कलम लिहिणाऱ्यांच्या मनात मिल्ल होता की नव्हता, देव जाणे. पण विचार त्याच जातीचा आहे.

येथवर वाट सरळ आहे. माझ्या स्नेह्यांची फाइल उघडली की मात्र ती एकदम उलटी फिरते. तेथे धनको कोण? चार लेथांचा मालक. आणि ऋणको? ज्याच्या आवारात चार लेथ ठेवावयास नुसता रखवालदाराचा कोपरा पुरेल तो कारखानदार. येथे उंबऱ्याजवळ हात जोडून उभा आहे तो पैसे मागणारा, आणि तक्क्याला टेकून बसला आहे तो पैसे देणारा! आपल्या बापजाद्यांनी सावकारी पाशाविरुद्ध जी शस्त्रे घडविली ती सर्व ह्या प्रसंगी निरुपयोगी, किंबहुना उलटी लागू पडणारी. दामदुपटीचा फायदा मिळालाच तर तो बड्या ऋणकोस मिळावयाचा.

हे उलटे चित्र कायद्याच्या ध्यानात यावयास बराच काळ लागला. लघुउद्योगांस उशिरा मिळणाऱ्या पैशांवर व्याज देवविणारा कायदा १९९३ साली झाला. तो मोडीत काढून २००६ साली सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या विकासाचा जो कायदा झाला त्यात तो विषय अधिक कडकपणे घेतला आहे. सूक्ष्म वा लघु उद्योगाकडून माल किंवा सेवा घेणाऱ्याने ठरलेल्या मुदतीत पैसे द्यावेत. मुदत ठरलेली नसेल तर माल स्वीकारल्यापासून पंधरा दिवसांत द्यावेत. आणि मुदत ठरविली तरी ती कोणत्याही परिस्थितीत ४५ दिवसांहून अधिक असू नये. न दिल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँकदराच्या तिप्पट दराने, महिन्या-महिन्यास मुद्दलात मिळवीत, चक्रवाढ व्याज! ज्या चक्रवाढ व्याजाच्या नावाने आपण शंभर वर्षे बोटे मोडली तेच हत्यार कायद्याने आता दुबळ्याच्या हाती दिले आहे. शिवाय हे व्याज देणाऱ्यास ते आयकराच्या हिशेबात खर्च म्हणून दाखविता येत नाही. तंटा सुविधा परिषदेपुढे न्यावयाचा. तिने नव्वद दिवसांत निकाल द्यावा. आणि निकालाविरुद्ध कोर्टात जावयाचे तर खरेदीदाराने रकमेच्या पाऊण हिस्सा आधी अनामत ठेवावा. २०१७ पासून ही तक्रार घरबसल्या संगणकावरूनही करण्याची सोय झाली आहे, आणि तिच्या दालनास सरकारने ‘समाधान’ असे नाव ठेविले आहे. सरकारची नावे नेहमी आशावादी असतात.

ह्या कायद्यातील मला सर्वांत विचारात पाडणारी गोष्ट व्याज ही नव्हे. दोन शहाण्या माणसांनी राजीखुशीने नव्वद दिवसांची मुदत लिहून दिली तरी कायदा ती मानीत नाही, ४५ दिवसच मानतो, ही ती गोष्ट. करारस्वातंत्र्याचे जे अभिमानी आहेत त्यांचा येथे पहिला आक्षेप येतो, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ते म्हणतील, लहान धंदेवाला म्हणजे काही अज्ञान बालक नव्हे. त्यास हिशेब कळतो, बाजार कळतो, नव्वद दिवसांचे व्याज त्याने दरात धरलेलेही असेल. त्याने विचारपूर्वक दिलेला शब्द कायद्याने खोडून काढावा, ह्यात त्याचे रक्षण होते की त्याच्या शब्दाची किंमत कमी होते? ज्याचा शब्द त्यास बांधू शकत नाही त्याच्याशी बरोबरीचा व्यवहार कोण करील?

१८७२ च्या करार कायद्यास दुबळेपणाची एक जात ठाऊक होती. एक पक्ष दुसऱ्याच्या इच्छेवर हुकमत चालविण्याच्या स्थितीत असेल आणि तिचा त्याने गैरफायदा घेतला असेल, तर तो करार रद्द करवून घेता येतो. म्हातारा आजारी धनी आणि त्याचा वैद्य, भोळा शिष्य आणि त्याचा गुरू, अशी ही नाती. येथे दुबळी असते ती इच्छा. माझ्या स्नेह्यांची इच्छा दुबळी आहे असे कोण म्हणेल? तीस वर्षे त्यांनी धंदा केला आहे; सुताच्या शंभराव्या हिश्शाची चूक ते बोट फिरवून सांगतात. नव्वद दिवसांच्या कागदावर सही करताना आपण काय करीत आहोत हे त्यांस पुरते कळत होते. पण दुसरे काय करावयाचे होते? सही न करावी तर ते काम शेजारच्या गल्लीतील पाच लेथवाल्याकडे जाते, आणि तो सही करावयास तयार बसलेला आहे. इच्छा शाबूत, बुद्धी शाबूत, निवड मात्र एकच. मोठ्या कारखान्यास शंभर लेथवाले आणि ह्या लेथवाल्यास कारखाना एक. ही स्थिती कोणी एकाने लबाडीने निर्माण केलेली नसते, म्हणून करार कायद्याच्या जाळ्यात ती सापडत नाही.

आणि ४५ दिवसांची मर्यादा खरोखर कोणाचा हात धरते तेही पाहिले पाहिजे. माझ्या स्नेह्यांस एकट्यास “मी साठ दिवस थांबणार नाही” असे म्हणता आले असते, पण त्याचा उपयोग नव्हता. तो शेजारचा पाच लेथवालाही तेच म्हणेल, अशी हमी त्यांस हवी होती. कायदा ती हमी देतो, निदान देण्याचा प्रयत्न करतो. सर्वांचाच हात एकदम धरला की कोणाचाच हात पसरलेला राहत नाही. म्हणून मला करारस्वातंत्र्यवाद्यांचा आक्षेप शेवटी पटत नाही. जो शब्द कायद्याने खोडला तो स्पर्धेने पिळून काढलेला होता, आणि पिळणारी बोटे दोन्हीकडची होती.

परंतु न्याय सिद्ध झाला म्हणजे पैसा हाती आला असे होत नाही, हे ती खणातली फाइल सांगते. सगळा हक्क कागदावर तयार आहे. पण तो वापरावयाचा म्हणजे परिषदेपुढे तक्रार करावयाची, आणि तक्रार करावयाची म्हणजे गिऱ्हाईकाशी जन्माचा दावा मांडावयाचा. आठ महिन्यांचे पैसे व्याजासकट मिळतील, आणि नवव्या महिन्यापासून काम मिळणार नाही. कोर्टाच्या हुकमाने पैसे मिळतात, ऑर्डर मिळत नाही. मुंबईच्या रस्त्यावर हातगाडी लावणाऱ्यास २०१४ च्या फेरीवाला कायद्याने पाहणी पूर्ण होईपर्यंत हुसकावू नये असे सांगितले. तेथे निदान प्रतिपक्ष महापालिका आहे, तिच्याशी भांडल्याने त्याची भजी खपावयाची थांबत नाहीत. येथे ज्याच्याविरुद्ध हक्क तोच अन्नदाता. पत्नीस पतीविरुद्ध, नोकरास धन्याविरुद्ध जे हक्क आहेत त्यांचीही गत पुष्कळदा हीच होते. परंतु तो विषय स्वतंत्र आहे, त्यात आज शिरत नाही.

सरकारास ही अडचण कळली नाही असे नाही. २०२३ च्या वित्त अधिनियमाने आयकराच्या कायद्यात एक पोटकलम घातले आणि ते १ एप्रिल २०२४ पासून लागू झाले. सूक्ष्म व लघु उद्योगांचे देणे कायद्याच्या मुदतीत दिले नसेल, तर ते प्रत्यक्ष दिले जाईल त्याच वर्षी खरेदीदारास खर्च म्हणून वजा मिळेल, असा त्याचा भावार्थ. युक्ती मोठी मार्मिक आहे. दुबळ्याने तोंड उघडावयाचेच नाही; त्याच्या वतीने करअधिकाऱ्याची भीती बोलेल. मार्चअखेर आली की हिशेबतपासनीस मालकास सांगतो, ह्या लहान लोकांची बिले चुकती करा, नाहीतर कर वाढेल. ज्याची भीड पडत नव्हती त्याच्या ऐवजी ज्याची पडते तो उभा केला.

पण बाजारही मार्मिक आहे. कलम लागू होते न होते तोच व्यापारी मंडळांच्या तक्रारी सुरू झाल्या, की मोठे खरेदीदार आता नोंदणी नसलेल्यांकडे, किंवा ज्यांस हे कलम लागत नाही अशा मध्यम उद्योगांकडे वळू लागले आहेत. काही ठिकाणी लहान उद्योजकास नोंदणीच रद्द करून या असे सुचविले जाते. १८७९ च्या कायद्याची हीच गत झाली होती. गहाणखताच्या पोटात न्यायाधीश शिरू लागले, तेव्हा सावकारांनी गहाणखते घेणे सोडून सरळ खरेदीखते लिहून घेण्यास आरंभ केला, आणि ज्याची जमीन पूर्वी दहा वर्षांनी गेली असती त्याची ती पहिल्याच दिवशी कागदोपत्री गेली. संरक्षण हे अंगरख्यासारखे असते तर बरे होते. पुष्कळदा ते कपाळावरच्या डागासारखे होते, आणि ते पाहून लोक दूर सरतात.

ह्यावरून कायदाच करू नये असा निष्कर्ष काढणारे पंडित आहेत. त्यांचा उतावळेपणा मला मान्य नाही. कुलूप फोडता येते म्हणून कोणी दारे उघडी टाकीत नाही. त्यांच्यापाशी एक दाखला मात्र चांगला आहे. १९६७ पासून आपण काही वस्तूंचे उत्पादन केवळ लघुउद्योगांसाठी राखून ठेविले. ती यादी वाढत वाढत आठशेंवर गेली, आणि पुढे कमी होत होत २०१५ साली शेवटल्या वीस वस्तूंसह संपली. त्या काळात लहान राहण्यातच फायदा होता. एक मुलगा कारखाना वाढवू लागला की बाप त्यास दुसऱ्या मुलाच्या नावे दुसरा कारखाना काढावयास लावी. दुबळेपणास बक्षीस लावले की माणसे दुबळेपणा जपू लागतात, हे खरे. पण ठराविक मुदतीत आपले पैसे मिळणे हे बक्षीस नव्हे, आणि तेवढ्यासाठी कोणी आपला धंदा लहान ठेवील असे मला वाटत नाही.

कायद्याच्या संरक्षणाची आणखी एक बाजू आहे आणि तीच मला सर्वांत अस्वस्थ करते. लहान माणसास वाचविताना जी किंमत पडते ती कोणाच्या खिशातून जाते? १८९२ साली लंडनच्या पूर्व भागात ॲरन सॉलोमन नावाच्या बूट तयार करणाऱ्या व्यापाऱ्याने आपल्या धंद्याची मर्यादित जबाबदारीची कंपनी केली. भागीदार कोण? तो स्वतः, पत्नी, एक मुलगी आणि चार मुलगे. त्याने आपला धंदा आपल्याच कंपनीस विकला, आणि किमतीपैकी दहा हजार पौंडांचे कर्जरोखे कंपनीच्या मालमत्तेच्या तारणावर स्वतःच्या नावे करून घेतले. वर्षभरात कंपनी बुडाली. तारण न घेता ज्यांनी कंपनीवर विश्वास टाकला होता त्यांस काही मिळण्याची आशा राहिली नाही. खालच्या न्यायालयांनी हा सारा देखावा आहे असे ठरविले. परंतु १८९६ च्या नोव्हेंबरात लॉर्डांच्या सभेने एकमताने निकाल फिरवून सांगितले की कंपनी कायद्याप्रमाणे बनली आहे, ती सॉलोमनहून निराळी व्यक्ती आहे, तिचे देणे ते त्याचे देणे नव्हे. जगातील कंपनी कायद्याचा हा पाया मानतात. गंमत अशी की ह्या निकालापर्यंत पोचता पोचता सॉलोमन इतका नागवला होता की त्याचे अपील निर्धन म्हणून दाखल करावे लागले. कायद्याने त्यास वाचविले खरे, पण ज्यांचे पैसे बुडाले ते काही सर्वच लक्षाधीश नसणार. एका लहान माणसाच्या डोक्यावर धरलेली छत्री दुसऱ्या लहान माणसाच्या अंगावर पागोळ्या गाळते, ती अशी.

त्यातूनही ही छत्री आज लहान माणसास कितपत मिळते? माझ्या स्नेह्यांच्या दारावरही ‘प्रायव्हेट लिमिटेड’ अशी पाटी आहे. बँकेच्या कागदांवर मात्र ते, त्यांच्या पत्नी आणि त्यांचे बंधू असे तिघे जातीने जामीन आहेत, आणि राहते घर तारण आहे. २०२१ साली सर्वोच्च न्यायालयानेही सांगितले की कंपनीच्या कर्जाची योजनेने तडजोड झाली तरी जामीनदार आपोआप सुटत नाही. म्हणजे बड्या कंपनीच्या भागधारकाची जबाबदारी मर्यादित, आणि पाटीवर ‘मर्यादित’ असे लिहिणाऱ्या लहान मालकाची जबाबदारी त्याच्या स्वयंपाकघरापर्यंत! साठाव्या कलमाने बेलिफाच्या हातून भांडी वाचविली. ती ज्या घरात मांडावयाची ते घर जामीनखताने आधीच बांधले गेले आहे.

हे सर्व लिहीत असता माझी सहानुभूती अर्थातच त्या लेथवाल्याकडे होती, आणि राग त्या अज्ञात बड्या कारखान्यावर होता. लेखकाचे असे राग फार स्वस्त असतात. एके संध्याकाळी सहज म्हणून २००६ च्या कायद्यातील व्याख्यांचे कलम चाळीत होतो. त्यात खरेदीदाराची व्याख्या पाहून हात थांबला. मोबदला देऊन माल किंवा सेवा घेणारा तो खरेदीदार, मग तो कोणीही असो! कारखाना असला पाहिजे असे तेथे कोठेही म्हटलेले नाही. माझ्या कपाटात जुन्या मासिकांचे अकरा खंड नवी कापडी बांधणी होऊन ओळीने उभे आहेत. ते बांधून आणल्यास त्या दिवशी पाच महिने झाले होते. बुकबाइंडरचे बिल पुस्तकात खूण म्हणून घातलेले होते. पैसे नव्हते असे नाही. “येता-जाता देऊ” असे म्हणत राहिलो, एवढेच. त्या पाच महिन्यांत दोनदा त्याच्या दुकानावरून गेलो. एकदा तर उभा राहून बोललोही. त्याने पैशांचा विषय काढला नाही, आणि त्याचा हा सभ्यपणा पाहून मला त्याच्याविषयी आदरच वाटला!

आपल्या मध्यमवर्गीय घरांत मोलकरणीचा महिना आपण एक तारखेस देतो, कारण ती मागते. शिंपी, चौकट करणारा, पलंगाची पट्टी विणणारा, घड्याळजी हे मागत नाहीत. त्यांचे न मागणे आपण त्यांच्या सुस्थितीचे लक्षण समजतो. मोठ्या कारखान्याच्या हिशेबखात्यात बसलेला मनुष्य माझ्या स्नेह्यांच्या बिलाविषयी ह्याहून निराळे काही समजत असेल असे मला आता वाटत नाही. तोही कदाचित म्हणत असेल, माणूस मोठा सभ्य आहे, तगादा करीत नाही. त्या बुकबाइंडरने आपला उद्योग कोठे नोंदविलेला नाही. सुविधा परिषदेचे नावही त्याने ऐकलेले नाही. माझ्याविरुद्ध त्याच्यापाशी काहीच नव्हते, एका आशेखेरीज, की मी आणखी पुस्तके बांधावयास आणीन.

दुसऱ्या दिवशी मी पैसे घेऊन त्याच्या दुकानी गेलो. तो खळ शिजवीत होता. मी बिल पुढे केले, उशिराबद्दल दिलगिरी दाखविली आणि रक्कम मोजून दिली. त्याने हात पुसले, नोटा न मोजताच गल्ल्यात टाकल्या, आणि क्षणभर माझ्या तोंडाकडे पाहत राहिला.

“एवढी काय घाई होती, साहेब?” तो म्हणाला, आणि मग जरा थांबून, आवाज खाली आणून त्याने विचारले, “बांधणीत काही चुकलं का? पुढलं काम दुसरीकडं देणार आहात काय?”